झाडीतील शुद्धाशुद्ध

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोब्याचे अरण्य आपणांस ऐकून तरी ठाऊक असेलच. १९५५ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा मान मिळाला. ह्या अरण्याच्या सहलीवर एकदा मी चौथीच्या वर्गास निबंध लिहावयास सांगितला. एका विद्यार्थ्याने लिहिले, “आम्हाला वाघ दिसला नाही. पण पुष्कळ सांबार दिसले. ते गवत खात होते.”

पुण्या-मुंबईकडील मंडळींस हे वाक्य ऐकून दाक्षिणात्य आमटीची आठवण होईल आणि ती गवत कशी खाते, असा प्रश्न पडेल. विदर्भातील गृहिणी हसेल ती निराळ्याच कारणाने. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. बिचाऱ्याच्या मनात होते सांबर. एक काना अधिक पडला आणि ताडोब्यात कोथिंबिरीचे कळप चरू लागले! आमच्या शेजारी पुण्याची एक सून आली होती. तिला सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, “भाजीवर थोडा सांबार टाक.” ती मुलगी आज्ञाधारक. तिने डाळ शिजवावयास ठेवली. भाजी तासभर वाट पाहत राहिली आणि जेवावयास बसलेली मंडळीही.

शब्दांच्या ह्या घोटाळ्यात कोणाचे काही बिघडत नाही. उलट गंमत होते. कोकणातून बदलून आलेले माझे एक सहकारी आषाढात आरमोरीकडील शेतकऱ्यांस विचारू लागले, “तुमच्याकडे लावणी केव्हा सुरू होते?” शेतकरी गोंधळले. झाडीपट्टीत नाटके आणि दंडारी व्हावयाच्या त्या दिवाळीनंतर. भर पावसात लावणी कोण लावणार? पुढे उलगडा झाला, की कोकणात धानाची रोपे उपटून पुन्हा लावण्यास लावणी म्हणतात आणि आमच्याकडे त्यासच रोवणा म्हणतात. ह्याच गृहस्थांनी एकदा वर्तमानपत्रात ‘मामा तलावांची दुरुस्ती’ असा मथळा वाचून हे उदार मामा कोण, अशी चौकशी केली होती. तलाव मामांचे नव्हेत. गोंड राजांच्या अमलापासून कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ते सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचे कागदोपत्री नाव पडले ‘माजी मालगुजारी तलाव’. लिहिणाऱ्याने कंटाळून त्याचे ‘मा. मा. तलाव’ केले, वाचणाऱ्याने टिंबे गाळली आणि आता गावचा म्हाताराही मामा तलाव म्हणतो. कचेरीतल्या आळसातून जन्मलेला शब्द लोकांच्या जिभेवर असा रुळला, की त्यास अशुद्ध म्हणण्याचे धैर्य कोणास होणार नाही.

परंतु उच्चाराची आणि व्याकरणाची गोष्ट निराळी आहे. तेथे हसणे संपते आणि लाल शाई सुरू होते. ती लाल शाई मी छत्तीस-सदतीस वर्षे वापरली आहे, म्हणून तिच्याविषयी बोलण्याचा मला थोडाबहुत अधिकार आहे, असे समजतो.

मी मूळचा वरोऱ्याकडचा. मॅट्रिक होऊन अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि १९७८ साली शिक्षक म्हणून लागलो. तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. वैनगंगेपासून इंद्रावतीपर्यंतचा सारा मुलूख चंद्रपुरातच मोडत असे आणि नव्या शिक्षकाची नेमणूक बहुधा नदीपलीकडेच होई. मीही गेलो, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या कानांवर जे मराठी पडले ते ऐकून ह्या मुलांचे कसे होणार, ह्या चिंतेने मला झोप येईना.

मुले म्हणत, “गुरुजी, मी भात खाल्लो. मी गणित केलो.” मी म्हणे, “अरे, भात खाल्ला! गणित केले!” मुले आज्ञाधारकपणे म्हणत, “हो जी,” आणि पुन्हा “मी गणित केलो.” आपल्या प्रमाण मराठीत भूतकाळी अशा वाक्यात क्रियापद कर्त्याचे ऐकत नाही, कर्माचे ऐकते. मी भाकरी खाल्ली, मी भात खाल्ला, मी पोहे खाल्ले. खाणारा मी एकच, परंतु क्रियापद ताटातल्या पदार्थाप्रमाणे रूप पालटते. ह्यास आपण कर्मणी प्रयोग म्हणतो आणि तो मुलांकडून घोकून घेतो. झाडीतल्या मुलाचे म्हणणे इतकेच, की खाल्ले मी, तर क्रियापदाने मान द्यावयाचा तो मला, भाताला कशासाठी? आता मला वाटते, की ह्यात त्याची काही मोठी चूक नव्हती. त्याच्या पूर्वेस छत्तीसगढी बोलतात, दक्षिणेस तेलुगू आणि त्याच्या अवतीभवती गोंडी. ह्या तिन्ही भाषांत खाणाराच मालक आहे. शेजाऱ्यांची रीत घरात शिरली, एवढेच.

नागपूर-चंद्रपूरकडचे आमचे ‘करून राहिलो’ ह्याचीही तीच कथा. “बाबा काय करताहेत?” ह्यास वरोऱ्याचा मुलगा उत्तर देतो, “बाबा जेवून राहिले.” पुण्याचा पाहुणा समजतो, की बाबा जेवले आणि मुक्कामास राहिले. खरे म्हणजे बाबांचा पहिलाच घास चाललेला असतो. हिंदीतला ‘रहा है’ मराठी पोशाख करून आमच्याकडे राहिला. शंभर वर्षे नागपूर ही हिंदी-मराठी दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आम्ही मुंबईकडे पाहतही नव्हतो. अशा घरी पाहुणा राहिला तर नवल काय?

ह्या सर्व चुकांपेक्षा माझ्या जिवास अधिक लागलेली चूक म्हणजे ‘ळ’. झाडीच्या बोलीत ळ नाही. ण नाही, श नाही. परंतु त्यांच्या जागी न आणि स आल्याने अर्थ फारसा बिघडत नाही. ळच्या जागी मात्र र येतो, आणि तो आला की अनर्थ होतो. डोळा झाला डोरा, फळ झाले फर, काळा झाला कारा. नळाचा नर झाला आणि नळराजाच्या गोष्टीत दमयंतीने केवळ नरास वरले. बाळ झाले ह्याचे “बार झाला” झाले, आणि दारूगोळ्याची शंका येऊ लागली. शाळेची झाली सारा. जमिनीवरचा सारा सरकारने घ्यावा आणि हा सारा मास्तराने, असा काहीसा अर्थ झाला. सर्वांत भयंकर मळा. “पाटलाचा मळा” हे वाचताना मुले इतक्या गोड आवाजात “पाटलाचा मरा” म्हणत, की पाटील जवळपास नाहीत ना, हे मी खिडकीतून पाहून घेई.

मी ठरविले, की ह्या वर्गातून एक तरी मुलगा ‘ळ’ म्हणणारा निघालाच पाहिजे. तिसरीत एक गोंडाचा मुलगा होता; बुद्धीने चलाख, वाचण्याची त्यास फार हौस. त्यास मी उभे केले आणि ‘डोळा’ म्हणावयास सांगितले. तो म्हणाला, “डोरा.” दहा वेळा सांगितले, दहा वेळा डोरा. वर्ग हसू लागला. वास्तविक ती सारीच मुले डोरा म्हणणारी. परंतु मास्तर रागावला म्हणजे हसावयाचे, हे मुलांस शिकवावे लागत नाही. शेवटी मी त्यास पाटीवर शंभर वेळा ‘डोळा’ लिहावयास लावले. पाटी भरे, दाखवी, पुसे, पुन्हा भरे. सर्व शंभर शब्द निर्दोष होते. ‘ळ’ची गाठ तर माझ्यापेक्षा सुबक. मी प्रसन्न होऊन म्हटले, “आता वाच.” त्याने वाचले, “डोरा.”

मी छडी उचलली तेव्हा तो रडत म्हणाला, “तुमी सांगितल्यावानीच त लिवलो जी.”

त्याचे म्हणणे अगदी खरे होते, परंतु ते समजावयास मला पुष्कळ वर्षे लागली. त्याच्या लेखी ‘ळ’ हे त्या आवाजाचेच अक्षर होते. इंग्रजी शिकताना आपण ‘नाइफ’ लिहितो तेव्हा आरंभी एक ‘के’ लिहितो आणि तो उच्चारीत नाही. तेव्हा आपणांस कोणी मारीत नाही, उलट शाबासकी मिळते. तो मुलगा त्यानंतर वर्गात मोठ्याने वाचीनासा झाला. उभे केले तर ओठ हलत, आवाज निघत नसे. चौथीनंतर शाळा सुटली.

ह्यात माझे स्वतःचे एक गुपित होते, ते आज सांगून टाकतो. आम्ही वरोऱ्याकडचे लोकही घरी ‘ळ’ म्हणत नाही. वऱ्हाडाप्रमाणे आमच्याकडे ळचा य होतो. माझी आई आयुष्यभर “डोया दुखते” म्हणाली. मीही लहानपणी शायेत जाऊन केयी खाल्ली आहेत. मॅट्रिकच्या वर्गात तोंडी परीक्षेच्या भीतीने मी जीभ मागे वळवावयास शिकलो, आणि वळलेली जीभ घेऊन दुसऱ्याच्या पोराची सरळ जीभ वाकवावयास निघालो.

आता थोडा ह्या ‘ळ’चा इतिहास पाहू. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो आहे. पुढे संस्कृतातून तो जवळजवळ नाहीसा झाला; कालिदासाच्या ग्रंथांत शोधून सापडावयाचा नाही. तेथे फल, कमल, बाल, काल असा शुद्ध ‘ल’ आहे. प्राकृत आणि मराठी बोलणाऱ्या सामान्य जनांनी त्याचे फळ, कमळ, बाळ, काळ केले. त्या काळी एखाद्या संस्कृत पंडिताने मराठी मुलाची पाटी तपासली असती, तर प्रत्येक ‘ळ’ खाली त्याने रेघ ओढली असती. महानुभावांचा जो ग्रंथ मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानतात, त्याचे नावच पाहा: लीळाचरित्र. संस्कृतात लीला, मराठीत लीळा. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात हा ग्रंथ रचला तो अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास, म्हणजे विदर्भातच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा ह्या ग्रंथाचे नाव पुष्कळांच्या तोंडी होते. फल चे फळ झाले ते भाषेचे वैभव आणि फळ चे फर झाले तो गावंढळपणा, हा निवाडा कोणी आणि कोणत्या कलमाखाली केला, हे मला कोणी सांगत नाही.

निवाडा झाला तो साधारणपणे एकोणिसाव्या शतकात झाला, एवढे मात्र सांगता येते. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. दोन्ही मुंबईकडची कामे. त्या वेळी चांदा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. इंग्रजी अंमल आला १८५४ साली. म्हणजे शुद्ध मराठी कोणते, हे ठरले तेव्हा आमचा प्रांत त्या पंगतीस बसलेलाच नव्हता. आम्ही गेलो तोवर पाने वाढून झाली होती. ग्रियर्सनसाहेबांच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीचा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. तो स्टेन कोनो नावाच्या नॉर्वेच्या पंडिताने तयार केला होता. बायबलातील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलीत लिहवून घेऊन त्या पाहणीत छापली आहे. उधळ्या पुत्र कोकणात एका तऱ्हेने बापाकडे परततो आणि नागपूरकडे दुसऱ्या तऱ्हेने. बाप मात्र सर्वत्र सारखाच आनंदित होतो. अलीकडे साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी झाडीबोलीचा अभ्यास करून तिला स्वतःचे व्याकरण आहे, हे आम्हांस दाखवून दिले. माझ्या नोकरीच्या आरंभी हे मला कोणी सांगितले असते, तर छडीचा एक प्रसंग तरी टळला असता.

आणि पुरावा तर डोळ्यांपुढे होता! चंद्रपूरपासून हाकेच्या अंतरावर बल्लारपूर आहे. तेथे वर्धा नदीच्या काठी गोंड राजांचा किल्ला आहे. ह्या घराण्यात बल्लाळ हे नाव चालत असे. खांडक्या बल्लाळशहाने चंद्रपूर वसविले, ही कथा आमच्याकडे प्रत्येकास ठाऊक असते. बल्लाळाचे ते बल्लाळपूर. जुन्या इंग्रजी कागदांत आणि कोळशाच्या खाणीच्या हकीकतीत ‘बल्लालपूर’ असे लिहिलेले आढळते, कारण इंग्रजाजवळ ळ नाही. आणि लोकांच्या तोंडी? बल्लारपूर. राजाच्या नावातला ळ झाडीच्या जिभेने र केला आणि तोच नगरपालिकेच्या पाटीवर चढला. रेल्वेने त्याहून वरताण केली. तिच्या फलकावर ‘बल्हारशाह’ आहे. इंग्रजीतून परत येताना कोठूनसा एक ‘ह’ गाडीत बसला. रोज सहस्रावधी प्रवासी तो फलक वाचतात. डोरा म्हणणाऱ्या पोरास मी मारले आणि बल्लारपूरचे तिकीट मात्र निमूटपणे काढीत राहिलो.

पुढे माझी बदली थेट सिरोंच्यास झाली. प्राणहितेच्या आणि गोदावरीच्या संगमाजवळचा हा मुलूख. १८६० साली निजामाकडून इंग्रजांकडे आला, १८७४ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. परंतु भाषेने तो आजही अर्धाअधिक तेलुगू आहे. मी मनात म्हटले, जेथे मराठी मुलांस ळ येत नाही तेथे तेलुगू मुलांचे काय होणार? पहिल्या दिवशी एका मुलीस वाचावयास सांगितले, तर तिने ‘काळी कळवंडली’ असा खणखणीत ळ काढला, की सदाशिव पेठेने कान टवकारावेत! तेलुगूत ळ आहे आणि भक्कम आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ ह्यांतला भेदही त्या मुलांस शिकवावा लागला नाही. त्यांच्या भाषेत ‘मनम’ आणि ‘मेमु’ असे दोन शब्द आधीच तयार आहेत. हिंदी माणूस ह्या दोहोंत आयुष्यभर चाचपडतो.

मात्र तीच मुलगी दुसऱ्या दिवशी म्हणाली, “गुरुजी, माझी आई आलं आहे.” मी चमकलो. आई आलं, गाडी आलं, ताई गेलं. ही मुले आईस नपुंसकलिंगी करतात तरी का? कारण समजले तेव्हा हसूही आले आणि त्या भाषेचा थाटही कळला. तेलुगूत भाऊ आला तर ‘तम्मुडु वच्चाडु’. परंतु आई आली तरी ‘वच्चिंदि’ आणि बैलगाडी आली तरी ‘वच्चिंदि’. पुरुष एका बाजूस, बाकीचे सारे जग दुसऱ्या बाजूस. गोंडीतही एकवचनात अशीच वाटणी आहे. स्त्रियांनी ह्यावर रागवावे की पुरुषांस जगातून वेगळे काढले म्हणून समाधान मानावे, हे मी श्रोत्यांवर सोपवितो. सिरोंच्याच्या मुलीची चूक आणि आरमोरीच्या मुलाची चूक ह्या एकाच तपासनिसाच्या शेऱ्यात “भाषा अशुद्ध” ह्या दोन शब्दांत बसविल्या गेल्या. दोघांच्या पाठीशी दोन निरनिराळे इतिहास उभे आहेत, हे शेऱ्याच्या रकान्यात मावण्यासारखे नव्हते.

आता कोणी विचारील, मग शुद्धलेखन शिकवूच नये काय? शिकवावे; मी शिकविले, आणि आजही नातवंडांच्या वह्या तपासतोच. फक्त शुद्ध हे आकाशातून पडलेले नसते, एवढे लक्षात असावे. भोसल्यांच्या वेळच्या मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नसत. त्यावर मुलूखगिऱ्या झाल्या, तह झाले, कोणाचे काही अडले नाही. माझे प्राथमिक शाळेतले गुरुजी ‘कांहीं’ ह्या शब्दावर दोन अनुस्वार देत आणि एक विसरला तर हातावर देत. १९६२ साली साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारने मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ‘कवि’ ऱ्हस्व होता तो ‘कवी’ दीर्घ झाला. गुरुजींचे शुद्ध ते माझ्या वहीत अशुद्ध ठरले. ते बिचारे म्हणत, “टिंबांवाचून मराठी बोळकी झाल्यासारखी दिसते रे!” ते निवृत्त होईतो दोन अनुस्वार देत राहिले आणि आम्ही त्यांच्या माघारी ते पुसत राहिलो.

नियमांचा उपयोग मात्र होतो, आणि तो आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावाच्या नावाने मी मुलांस दाखवीत असे. चंद्रपूरहून गडचिरोलीच्या वाटेवर मूल हे तालुक्याचे गाव आहे. लेकरू तेही मूल, गाव तेही मूल, दोन्ही दीर्घ. आता विभक्ती लावा. “मुलाला घेऊन मूलला गेलो.” लेकराचा मू ऱ्हस्व झाला, गावाचा दीर्घच राहिला, कोण कोणास घेऊन गेले, हे एका उकाराने सांगितले. मुलांस हे फार आवडे. पुढे ती मुले शाळेबाहेर जात आणि त्याच गावाच्या दुकानांवर निम्म्या पाट्यांत ‘मुल’ वाचीत, हा भाग निराळा.

ळ, र आणि ड ह्यांची भाऊबंदकी कागदोपत्री आली म्हणजे मात्र ती गंमत राहत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये गडचिरोलीचे नाव ‘गढचिरोली’ अशा रीतीने लिहिले आहे, की त्यातला ढ रोमन लिपीत ‘आर’ झाला आहे. वाचणारा ‘गरचिरोली’ म्हणेल. भामरागडकडे जे माडिया गोंड राहतात, त्यांच्या नावातला ड जीभ उलटी वळवून ओझरता म्हणावयाचा. इंग्रजांनी तोही ‘आर’ने लिहिला. ग्रिगसनसाहेबांच्या १९३८ च्या प्रसिद्ध ग्रंथाच्या नावात ‘मारिया गोंड’ आहे, आणि सरकारच्या आदिम जमातींच्या इंग्रजी यादीतही तसेच आहे. ती यादी पुन्हा देवनागरीत उतरविताना कोणी माडिया लिहितो, कोणी मारिया. ज्याचे दाखले ह्या एका अक्षरावर अडतात त्यास ह्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

हे मला कसे कळले, ते सांगतो. निवृत्तीच्या थोडे आधी एक मध्यमवयीन गृहस्थ माझे घर शोधीत आला. केस पिकलेले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. पाया पडून म्हणाला, “वरखलो का जी, गुरुजी?” मी ओळखले नाही. तो म्हणाला, “डोरा.”

त्याचे नाव मी सांगत नाही. आडनाव सांगणे भाग आहे, कारण गोष्ट आडनावाचीच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे बापाने कसलेल्या जंगलातल्या जमिनीचा त्याने दावा केला होता. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वहिवाट दाखवावयाची होती. त्याच्याजवळ पुरावा उत्तम होता: बापास अतिक्रमणाबद्दल झालेल्या दंडाची जुनी पावती. त्या पावतीवर आडनाव होते ‘कुडमेथे’. शिधापत्रिकेवर होते ‘कुरमेथे’. आणि शाळेच्या दाखल्यावर, ‘कुळमेथे’. तीन कागद, तीन माणसे. हा त्या बापाचा मुलगा कशावरून, असा प्रश्न विचारला गेला होता.

शाळेच्या नोंदवहीतील अक्षर माझे होते.

मला तो दिवस आठवला. बापाने नाव सांगितले ते मला ‘कुरमेथे’ असे ऐकू आले. मी मनात म्हटले, हे लोक ळचा र करतात. मूळ शब्द ‘कुळ’ असणार. आणि मोठ्या समाधानाने ‘कुळमेथे’ असे शुद्ध रूप लिहिले. विचारले कोणासच नाही. त्या दिवशी मी त्यास म्हटले, “आता तूच सांग, तुझ्या घरी गोंडीत हे नाव कसे म्हणतात?” त्याने सांगितले. तो आवाज ‘र’ही नव्हता, ‘ड’ही नव्हता, दोहोंच्या मधला होता; ‘ळ’ तर मुळीच नव्हता. जे अशुद्ध नव्हते ते मी शुद्ध केले होते. मराठी वर्णमालेत त्या आवाजास अक्षरच नाही; हिंदीवाले ड खाली टिंब देतात, आपण तेही देत नाही.

मी प्रतिज्ञालेखावर लिहून दिले, की ही तिन्ही आडनावे एकाच कुटुंबाची असून नोंदवहीतील रूप शिक्षक ह्या नात्याने मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहिले होते. खाली सही केली. कारकुनाने विचारले, “पण मग ह्यांतले बरोबर कोणते, गुरुजी?” मी म्हटले, “तिन्ही लिहा, मध्ये ऊर्फ घाला.”

पाऊण वर्षाने तो पुन्हा आला. दावा मंजूर झाला होता, पट्टा हाती आला होता, आणि तो मला दाखवावयास त्याने घडी न मोडता आणला होता. मी चष्मा लावून पाहिले. गाव बरोबर होते, क्षेत्र बरोबर होते, बापाचे नाव बरोबर होते. आडनाव होते ‘कुलमेथे’.

“आता का करू जी?” त्याने विचारले.

मी म्हटले, “आता काही करू नकोस. मला एकदा मोठ्याने वाचून दाखव.”

त्याने कागद हातात घेतला, घसा साफ केला आणि सारा कागद पहिल्या ओळीपासून वाचला. आडनावापाशी आला तेव्हा जे लिहिले होते ते त्याने वाचले नाही. घरी म्हणतात तसे म्हटले.